दोन चुका माफ

गोष्ट सांगणारा नवा गेम परीक्षणासाठी येतो तेव्हा सोबतच्या पत्रकात एक वाक्य हमखास असतं: तुमच्या निर्णयांनी कथा बदलेल. त्याच्याखाली आकडे. इतके शेवट, इतक्या हजार ओळींचे संवाद, इतक्या तासांचा खेळ. वर्षानुवर्षं ही पत्रकं वाचून माझं मत असं झालंय की शेवटांचा आकडा जेवढा मोठा, तेवढं सावध राहावं.

वाचकही तेच विचारतात. "किती एन्डिंग्ज आहेत?" हा प्रश्न "मजा आली का?"च्याही आधी येतो. त्यात त्यांचं काही चुकत नाही. तीन-चार हजार रुपये मोजायचे तर माणूस हिशोब करणारच. पण त्या हिशोबात जे बसत नाही त्याबद्दल लिहायला परीक्षणात कधीच जागा मिळत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी कामाबद्दल. नातेवाइकांच्या लेखी मला "दिवसभर खेळायचे पैसे" मिळतात. प्रत्यक्षात हे काम बरंचसं कारकुनी आहे. गेमचा कोड प्रकाशनाच्या आठवडाभर आधी येतो, कधी तीनच दिवस आधी. गेम असतो चाळीस तासांचा. परीक्षण कोणत्या दिवशी, किती वाजल्यानंतर छापायचं याची अट असते. तिला आमच्यात एम्बार्गो म्हणतात. शिवाय एक यादी: अमुक पात्र मरतं हे लिहू नये, चौथ्या प्रकरणानंतरचं चित्र दाखवू नये, शेवटाबद्दल अवाक्षर नको. वाचकाचा रसभंग होऊ नये म्हणून घेतलेली ही काळजी रास्तच आहे. पण ज्या निर्णयाबद्दल लिहायला हात शिवशिवतात तो निर्णय नेमका त्या यादीत असतो. मग परीक्षणात उरतं काय? चित्रं सुरेख, संगीत चांगलं, लढाया जरा लांबतात, शेवट सात.

दुसरी अडचण आमच्या खेळण्यातच आहे. घरी खेळणारा माणूस एक पर्याय निवडतो आणि पुढे जातो. मला लिहायचं असतं, म्हणून मला दोन्ही वाटा बघाव्या लागतात. निर्णयाची वेळ आली की आधी सेव्ह करायचं, एक पर्याय घ्यायचा, काय होतं ते वहीत टिपायचं, जुना सेव्ह लोड करायचा आणि दुसरा घ्यायचा. अशाने माहिती पूर्ण मिळते, पण निर्णय असा काही उरतच नाही. दोन्ही दारं उघडून बघणाऱ्याने काही निवडलेलं नसतं.

टोबी फॉक्सच्या 'अंडरटेल'ने (२०१५) माझ्यासारख्यांचा चांगला बंदोबस्त केलाय. खेळाच्या सुरुवातीलाच टोरिएल नावाची मायाळू बाई भेटते. बाई म्हणजे राक्षसीण, तोंड शेळीसारखं. आपल्याला घरी नेते, खायला करून घालते. पुढे जायचं तर तिच्याशी लढावं लागतं. तिला न मारताही सुटता येतं, पण पहिल्या खेपेला ते पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तिला मारलं, वाईट वाटलं, जुना सेव्ह लोड करून या वेळी तिला जिवंत ठेवलं आणि बाहेर पडलो की फ्लावी नावाचं एक फूल समोर येतं आणि तू मघाशी काय केलंस ते मला ठाऊक आहे, असं तोंडावर सांगतं. सेव्ह फाइल बदलली तरी खेळाने लक्षात ठेवलेलं असतं. त्या फुलाचा मला राग आला होता. माझं रोजचं काम त्याने भर बाजारात सांगितलं.

आता हिशोबाचंच एक उदाहरण. 'बायोशॉक' (२००७) हा समुद्राखालच्या मोडकळलेल्या शहरात घडणारा गेम नैतिक निवडीच्या चर्चेत नेहमी पुढे असतो. तिथे लिटल सिस्टर नावाच्या लहान मुली भेटतात. त्यांच्या अंगात ॲडम नावाचं द्रव्य असतं आणि आपल्या शक्ती वाढवायला तेच लागतं. मुलीचा जीव घेऊन ते काढलं तर १६० मिळतं. मुलीला वाचवलं तर ८०. निम्मं. इथपर्यंत निवड खरी वाटते, कारण चांगुलपणाला किंमत आहे आणि पुढच्या लढाईत ती भरावी लागणार हे दिसतंय. पण तीन मुली वाचवल्या की त्यांचा सांभाळ करणारी बाई भेट पाठवते, त्यात २०० ॲडम असतं. वहीत मांडून बघितलं: तीन मुली मारल्या तर ४८०, वाचवल्या तर ४४०. फरक चाळीसचा. शिवाय भेटीच्या खोक्यात एरवी न मिळणाऱ्या चीजा असतात. म्हणजे मुलीचा जीव घ्यायचा की नाही एवढा थोरला प्रश्न विचारायचा आणि उत्तर दिल्यावर मागल्या दाराने पैसे परत करायचे. मला 'बायोशॉक' फार आवडतो, पण तो या मुलींमुळे नव्हे. मध्यावर कळतं की आपण आतापर्यंत जे जे स्वखुशीने केलं ते कुणाच्या तरी शब्दाबरहुकूम केलेलं होतं. निवड नव्हतीच, असं सांगणारी ती जागा कुठल्याही निवडीपेक्षा जोरकस आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला 'पेपर्स, प्लीज'. ल्युकस पोप या एकट्या माणसाने केलेला गेम, ऑगस्ट २०१३मध्ये आला. आर्स्टोत्झ्का नावाचा काल्पनिक देश, साल १९८२, ग्रेस्टिनची सीमा. आपण तिथले तपासनीस. पासपोर्ट बघायचा, नियमांची वही बघायची, दोन कागदांतली विसंगती शोधायची आणि प्रवेश मंजूर किंवा नामंजूर असा शिक्का मारायचा. बरोबर तपासलेल्या प्रत्येक माणसामागे पाच क्रेडिट. संध्याकाळी घरचा ताळेबंद समोर येतो: भाडं, जेवण, शेकोटीचं जळण, कुणी आजारी असेल तर औषध. घरात बायको, मुलगा, सासू आणि काका. पैसे कमी पडले तर कुणाला उपाशी ठेवायचं, कुणाला थंडीत, हे आपणच ठरवायचं. रोज नवा नियम येतो, त्यामुळे हात संथ पडतो आणि हात संथ पडला की मिळकत घटते.

माझे वडील नोकरीभर जकात नाक्यावर लिपिक होते. आमच्या शहराची जकात गेली २०१३मध्येच, मुंबईची पुढे २०१७मध्ये जीएसटी आल्यावर. बाबा त्याच्या आधीच निवृत्त झाले होते. माझ्या कामाकडे त्यांनी तोवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण या गेममध्ये खिडकी होती, रांग होती, शिक्का होता. चहाचा कप घेऊन जाता जाता ते थांबले.

"हा काय, पावत्या तपासतोय का?"

"पासपोर्ट, बाबा. बघता का खेळून?"

बसले. मला माऊस कसा धरायचा ते सांगावं लागलं, बाकी काही सांगावं लागलं नाही. मुदत संपलेली तारीख, शहराच्या नावातली गफलत, वजनकाट्यावरचा न जुळणारा आकडा त्यांना माझ्या कितीतरी आधी दिसायचा. ओळीतल्या माणसाच्या तोंडाकडे ते बघतच नव्हते. आधी कागद, मग शिक्का, मग "चला, पुढचा".

मग तो प्रसंग आला. एक माणूस येतो, त्याचे कागद चोख. जाता जाता विनवतो, माझ्या मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. बायको येते. तिच्याकडे प्रवेशपरवाना नाही. परत पाठवलंत तर तिकडे मला मारून टाकतील, असं ती म्हणते. मी बाबांकडे पाहत होते. आयुष्यभर नियमाने वागलेला माणूस, नामंजूरचाच शिक्का मारणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी मंजूरचा मारला. खडखडत ताकीद छापून आली.

"बाबा, नियम मोडलात की."

"मोडला कुठे? दिवसाला दोन चुका माफ आहेत ना? मग त्या असतात कशाला, अगं?"

या गेममध्ये दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद येते, तिसरीपासून पगारातून कापतात. मी ती सवलत माझ्या हातून होणाऱ्या गफलतींसाठी खर्चत होते, माझ्या माहितीतले सगळेच खेळाडू तशीच खर्चतात. बाबांनी ती जपून ठेवली होती. थोड्या वेळाने एक तारीख त्यांच्या नजरेतून खरोखरच निसटली आणि दुसरी ताकीद आली. त्यानंतर रडकुंडीला आलेला एक जण खिडकीशी उभा राहिला. बाबांनी त्याला परत पाठवला. "आता नाही परवडत," एवढंच म्हणाले.

नंतर अर्धा तास नाक्यावरच्या गोष्टी निघाल्या. केळ्यांचा ट्रक कागदांवरून अडवून ठेवला तर माल काळा पडतो, ते ड्रायव्हरला ठाऊक असतं, कारकुनालाही ठाऊक असतं आणि वाटाघाट सगळी त्या काळं पडण्याच्या वेळेवर चालते. कोण पैसे खायचं, कोण खायचं नाही, आणि न खाणाऱ्याने ट्रक अडवला तरी केळी तेवढीच सडायची. हे मी घरात आधी कधी ऐकलं नव्हतं.

'पेपर्स, प्लीज'ला वीस शेवट आहेत. त्यातला एकही त्या बाईवर अवलंबून नाही. तिला आत घेतलं काय, हाकललं काय, आर्स्टोत्झ्काचा इतिहास जसाच्या तसा राहतो. पत्रकातल्या भाषेत सांगायचं तर या निर्णयाने कथा बदलत नाही. तरीही मी खेळलेल्या गेम्समधली ही सर्वांत खरी निवड आहे, असं मी आजही म्हणेन. तिला आत घेणाऱ्याला आपण काय करतोय ते माहीत असतं, त्याच्या गाठीचं काहीतरी जातं, आणि ते गेल्यामुळे पुढच्या माणसाशी त्याला वेगळं वागावं लागतं. कथेला फाटा फुटला नाही तरी खेळणारा बदलतो. मी या गोष्टीला गुण देते. शेवट मोजायचं काम गेमच्या जाहिराती करतातच.

हे मत संपादकांना पटवणं मात्र सोपं नव्हतं. टेलटेल या कंपनीचा 'द वॉकिंग डेड' २०१२मध्ये पाच भागांत आला तेव्हा मी एका पुरवणीसाठी लिहीत होते. प्रेतं उठून माणसांना खाऊ लागली आहेत, आणि ली नावाचा, खुनाची शिक्षा झालेला इतिहासाचा प्राध्यापक क्लेमेंटाइन या आठ वर्षांच्या पोरक्या पोरीला सांभाळतोय. लढाई कमी, बोलणं जास्त. प्रत्येक उत्तराला मोजका वेळ. पट्टी सरकत संपली की गप्प राहणं हेच आपलं उत्तर धरलं जातं. मधूनच कोपऱ्यात अक्षरं उमटतात, क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल. पहिल्या भागाच्या शेवटी डग आणि कार्ली या दोघांपैकी एकालाच वाचवता येतं. तिसऱ्या भागात वाचलेलं माणूसही गोळी लागून मरतं, मग तो डग असो की कार्ली. हे बाहेर फुटलं तेव्हा पुष्कळ खेळाडूंनी फसवणूक झाली म्हणून ओरड केली.

संपादकांनी फोनवर विचारलं, "म्हणजे काहीही निवडलं तरी शेवट तोच?"

"साधारण तोच."

"मग निवड कसली, मॅडम? अर्धा गुण कमी करा."

मी त्यांना मोटारीचा प्रसंग सांगितला होता. दुसऱ्या भागाच्या शेवटी रानाच्या कडेला एक मोटार उभी दिसते, आत खाण्यापिण्याचं सामान भरलेलं. सगळे भुकेले. मालक दिसत नाही. लीने नको म्हटलं तरी बाकीचे घेतातच, घटना टळत नाही. मी नको म्हटलं होतं. तीन भाग उलटल्यावर त्या मोटारीचा मालक लीला खुर्चीवर समोर बसवतो आणि एकेक करून विचारतो: ते सामान तू घेतलंस का, त्या पोरीला कुठे कुठे घेऊन गेलास, कुणाला मरू दिलंस. माझ्या नकाराने त्या माणसाचं घर वाचलं नव्हतं, आणि मी घेतलं नाही हे सांगताना मला स्वतःचाच आवाज पोकळ वाटला. हा गेम झाल्या गोष्टी बदलू देत नाही, जाब विचारतो. जाब देताना अडखळायला लावणारे खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. आणखी एक बारकाई: प्रत्येक भाग संपला की इतर खेळाडूंपैकी किती टक्क्यांनी आपल्यासारखं केलं ते दाखवतात. अल्पमतात निघालं की रात्री झोपताना ते डोक्यात राहतं.

अर्धा गुण कापला गेलाच. टेलटेलने पुढे हीच पद्धत एकामागून एक गेममध्ये वापरून तिचा रबरी शिक्का केला, कोण काय लक्षात ठेवेल याची अक्षरं दर दोन मिनिटांनी उमटायला लागली, आणि २०१८मध्ये कंपनीने बहुतेक सगळ्या लोकांना काढून काम गुंडाळलं. २०१२चा तो पहिला गेम मात्र अजून खेळण्याजोगा आहे.

त्याच वर्षी शेवटांवरून झालेला सगळ्यांत मोठा दंगा म्हणजे 'मास इफेक्ट ३'चा. मार्च २०१२. तीन भागांची अंतराळकथा, पहिला भाग २००७चा, आणि जुनी सेव्ह फाइल नव्या भागात घेऊन जायची सोय. ही फाइल लोक जपायचे. मध्ये माझा लॅपटॉप बदलला तेव्हा फोटोंच्या आधी मी ती पेन ड्राइव्हवर घेतली होती. एवढं सगळं वाहून आणल्यावर शेवटी हातात येतात तीन पर्याय, आणि त्यांची दृश्यं जवळपास एकसारखी. फरक मुख्यतः प्रकाशाच्या रंगाचा. लाल, हिरवा, निळा. खेळाडू भडकले. काहींनी वर्गणी काढून बायोवेअर कंपनीला तीन रंगांचे चारशे कपकेक पाठवले, चव सगळ्यांची एकच. निषेध म्हणून मुलांच्या रुग्णालयांसाठी काम करणाऱ्या चाइल्ड्स प्ले या संस्थेला ८० हजार डॉलरच्या आसपास देणगीही जमवली. जूनमध्ये कंपनीने शेवट वाढवून, खुलासा करून फुकट दिला. परीक्षकांनी मात्र आधीच नव्वदीचे गुण देऊन ठेवले होते, त्यामुळे "तुम्ही विकले गेलात" अशी पत्रं आम्हा सगळ्यांनाच आली.

विकलं कुणी गेलेलं नव्हतं. गुण दिले गेले ते आधीच्या तीसेक तासांना, आणि ते तास त्या गुणांच्या लायकीचे होते. पहिल्या भागात रेक्स नावाचा सोबती बंदूक रोखून समोर उभा राहतो. त्याच्या जमातीवर परक्यांनी असा रोग लादलाय की तिची बहुतेक पोरं जन्मण्याआधीच मरतात, आणि त्यावरचा संभाव्य इलाज आपण नष्ट करायला निघालोय. त्याला समजावता आलं तर तो जगतो, नाहीतर तिथेच गोळी लागून मरतो. पाच वर्षांनी, तिसऱ्या भागात, त्या जमातीला बरं करायचं की नाही हे ठरवायची वेळ येते तेव्हा रेक्स जिवंत असेल तर पुढारी तो, नसेल तर त्याचा सुडाने पेटलेला भाऊ. भाऊ पुढारी असताना हा इलाज द्यावा का, असा प्रश्न सरळमार्गी माणसालाही पडतो. म्हणजे २००७ साली आपण काय बोललो त्यावर २०१२ साली कोणता निर्णय बरोबर हे ठरतं. एवढा लांब पल्ल्याचा धागा मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिलेला नाही. शेवटच्या दहा मिनिटांच्या रागात तो वाहून गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

उशिरा येणारा परिणाम ही युक्ती सेव्ह-लोडवरचा उत्तम उतारा आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने पहिल्या 'द विचर'मध्ये (२००७) ती मुद्दाम वापरली. नदीकाठी व्यापाऱ्याच्या पेट्या राखत असताना एल्फ बंडखोर येतात. पेट्या देऊन टाकाव्यात की लढावं? देऊन टाकल्या तर त्या वेळी काहीच होत नाही. पुढच्या प्रकरणात, कित्येक तासांनी, ज्याच्याकडून आपल्याला माहिती हवी असते तो माणूस त्या बंडखोरांच्या बाणांनी मेलेला सापडतो. इतकं मागे कोण जाणार? गिळावं लागतं.

गुणांचं थोडं सांगायलाच हवं, कारण दहापैकी साडेआठ की नऊ हा प्रश्न आमच्या टेबलापुरता राहत नाही. जगभरच्या परीक्षणांची सरासरी काढणारं मेटाक्रिटिक २००१पासून चालू आहे आणि प्रकाशक त्या सरासरीवर करार करतात. 'फॉलआउट: न्यू व्हेगास' (२०१०) करणाऱ्या ऑब्सिडियनला ८५ची सरासरी आली तर बोनस मिळणार होता. आली ८४. हे त्यांच्याच ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२मध्ये जाहीर सांगितलं. त्या गेममध्ये सुरुवातीला तांत्रिक दोष पुष्कळ होते, गुण कापले गेले ते त्यासाठी. दोष पुढे दुरुस्त झाले. राहिलं ते असं की वाळवंटातल्या एकेका वस्तीत आपण कुणाची बाजू घेतली याचा हिशोब शेवटी गावागणिक ऐकवला जातो, आणि कुठलीच बाजू धुतल्या तांदळासारखी नसते. घाईत दिलेल्या आकड्यांतून ही गोष्ट कशी दिसावी? (त्याच्या आधीचा 'फॉलआउट ३' मायक्रोसॉफ्टने २००८ साली सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन एक्सबॉक्स ३६०साठी भारतात आणलाच नव्हता. आमच्या पिढीने तरीही तो खेळला. कसा, ते विचारू नका.)

माझा कॉलेजातला भाचा यातलं काही मानत नाही. तो सुट्टीत आला की 'डेट्रॉइट: बिकम ह्यूमन' (२०१८) लावून बसतो. त्यात प्रत्येक प्रकरणानंतर निर्णयांचा अख्खा नकाशा दाखवतात. आपण गेलो ती वाट उजळलेली, न गेलेल्या चौकटींना कुलूप, वर पूर्ण झाल्याचे टक्के. "मावशी, या प्रकरणाचे अजून तीस टक्के राहिलेत," म्हणून त्याने एका पात्राला शांतपणे मरू दिलं, चौकट उघडली, आणि प्रकरण पुन्हा सुरू केलं. मी त्याला हसणार नाही. गेमनेच त्याच्या हातात कुलपांचा जुडगा दिला, तो किल्ल्या शोधतोय. पण जिथे न घेतलेली प्रत्येक वाट अशी बोलावत राहते, तिथे घेतलेल्या वाटेचं ओझं वाटत नाही. हा मी त्या गेमचा दोष मानते, आणि परीक्षणातही तसंच लिहिलं होतं.

आणि प्रत्येक गेमला निवड हवीच असंही नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) सरळ रेषेत जातो. भावाला शोधणारी सर्कशीतली मुलगी, पहाडी चित्रशैलीची आठवण देणारी दृश्यं, राजस्थानी गढ्यांसारखे वाडे, हातात आधी त्रिशूळ, मग धनुष्य. कुठेही काही निवडायला लावत नाहीत. मला ते खटकलं नाही. खोटी निवड देण्यापेक्षा कथा नीट सांगितलेली बरी.

आता मी कसं काम करते ते सांगून थांबते. हल्ली पहिली खेप पूर्ण होईपर्यंत जुना सेव्ह लोड करत नाही. चुकीचं पात्र मेलं तर मेलं. परीक्षण त्या खेपेवर लिहिते, आणि उरलेल्या वाटा वेळ असेल तर नंतर बघते, नसेल तर दुसऱ्या एखाद्या परीक्षकाला विचारून घेते. एम्बार्गोच्या यादीवरही एक मार्ग आहे. घटना न सांगता तिचा माग सांगायचा: दहाव्या तासाला मी एक होकार दिला, त्याची किंमत सोळाव्या तासाला मोजली, आणि मधले सहा तास मला त्याची जाणीवही नव्हती. एवढं वाक्य कुठलीही यादी अडवू शकत नाही आणि शेवटांच्या आकड्यापेक्षा वाचकाला जास्त सांगतं. संपादकांना हे पटायला वेळ लागला. आता तेच विचारतात, किंमत कुठे मोजलीत?

तुम्हाला कुठून सुरुवात करावी असं वाटत असेल तर 'पेपर्स, प्लीज' घ्या. तो २०२२पासून फोनवरही चालतो, किंमत फार नाही, आणि खेळाचा अजिबात सराव नसलेल्या घरच्या वडीलधाऱ्यांनाही जमतो. पहिल्या खेपेला गाइड उघडू नका, मागे जाऊ नका. त्याची परीक्षणं, माझं धरून, नंतर वाचा.